आधी लोकार्पण होऊ द्या

…अन् फीता लालच पाहिजे म्हणे. लाल! सॅटिनचा! आता तुमीच सांगा बाप्पा, एकवीस सालचा एप्रिल, सगळं बंद, दुधाचं पाकीट आणाले निघालं तं चौकात पोलीस उठाबशा काढाले लावून राहिले, कपड्याची दुकानं बंद, देवळाले सुद्धा कुलूप, अन् हे आमचे यशवंतराव फोनवर गुलाबले म्हणून राहिले, "गुलाब, हिरवा-पिवळा आणू नको हो, लालच पाहिजे, वरून सूचना आहे!" वरून म्हणजे कुठून जी? आमच्या गावाले वरून दोनच गोष्टी येतात, एक गारा अन् दुसऱ्या सूचना. गारा तरी बिचाऱ्या वर्षातून एखाद्या वेळेस येतात, संत्र्याचा बहार झोडपतात अन् चालल्या जातात. सूचना रोज! सकाळी एक अन् संध्याकाळी तिच्या उलटी दुसरी!

गावाचं नाव? नाही सांगत. मध्य प्रदेशात, पण नागपूरच्या अंगाले, रामाकोना अन् बोरगावच्या मधात कुठंतरी आहे समजा. नाव घेतलं तं परत नोटीस येईन, अन् नोटीस म्हणजे काय असते ते गुलाबले विचारा. हा गुलाब म्हणजे आमच्याकडचा मंडपवाला. त्याचा मंडप अन् माझा माइक, अशी आमची जोडी. लग्न असो, तेरवी असो, भीमजयंती असो का भागवत सप्ताह असो, झालर त्याची अन् भोंगा माझा. त्याची बायको प्रमिला घरी मशीनवर झालरी शिवते, अन् शिवता शिवता गुलाबले शिव्या देते. प्रेमानं हो! "खांब वाकडा गाडून आला असशीन, तुलेच गाडाले पाहिजे होतं," अशा. गुलाब आयकते अन् हसते. तसाच माणूस तो. कोणाले नाही म्हणाची हिंमत नाही.

तं कोरोना आला अन् आमचा धंदा बसला. लग्नाले पन्नास माणसं म्हणे. मंग वीस. मंग दहा! दहा माणसाइत कायचा मंडप जी? नवरा, नवरी, मायबाप, मामा, भंतेजी… छत्रीत लग्न लागते! गुलाबच्या कापडाच्या गाठोड्यात उंदरानं पिल्लं घातली, तुमाले सांगतो, अन् कचऱ्याची गाडी रोज ओरडत जाये, "दो गज की दूरी, मास्क है जरूरी!" आमच्या गल्लीतला चिंधू बुढा, पंच्याहत्तरीचा, ओट्यावर बसून गाडीवाल्याले विचारे, "काहून गा, दोन गज म्हणजे किती?" गाडीवाला म्हणे, सहा फूट. तं बुढा म्हणते, "माझी खोलीच सहा फुटाची आहे, लेका. मी कोणापासून दूर राहू, भिंतीपासून?" अन् ती पत्रकं! 'रोगी को अलग कमरे में रखें, अलग शौचालय का उपयोग कराएं.' अलग शौचालय! इथं सात माणसं एका खोलीत, शौचालयासाठी सकाळी लाइन लागते, अन् हे अलग सांगून राहिले. पण विचारावं कोणाले? पत्रक वाटणाराच म्हणते, "मले काय विचारता, वरून सूचना आहे."

जाऊ द्या. मी फीत्याचं सांगून राहिलो होतो.

तं यशवंतराव. हे आमच्याकडचे संत्र्याचे मोठे व्यापारी अन् नवीन निघालेल्या कोरोना सहायता समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, खोटं कायले बोलू? त्याइनंच दारोदारी फिरून वर्गणी केली, अन् ऑक्सिजन बनवणाऱ्या तीन मशिनी आणल्या. बोर्डात पिन टाकली का हवेतूनच ऑक्सिजन काढते, सिलेंडरची कटकट नाही. समाज भवनाच्या खोलीत नेऊन ठेवल्या. गावाच्या वर्गणीच्या मशिनी, गावच्याच समाज भवनात. मंग द्या नं लोकाइले! लोकं माशावानी तोंड उघडून श्वास घेऊन राहिले घराघरात! तं नाही. लोकार्पण! पाहुणे येतीन, फीता कापतीन, मंग मशीन चालू. अन् पाहुणे येतीन म्हणजे मंडप पाहिजे. गारपिटीत छप्पर सापडावं तसं वरसभर बसलेल्या गुलाबले काम भेटलं. त्यानं कापडं झटकली, उंदराची पिल्लं बाहेर काढली, खांब धुतले, अन् फीता? प्रमिलानं आपल्या पेटीतली लाल झालर उसवून शिवून दिला. अंगात ताप असतानी.

हो नं. ताप होता तिले. चार-पाच दिवसापासून. काढा पी, वाफ घे, पालथी झोप, जे जे सांगितलं ते सगळं केलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी भोंगे बांधून राहिलो होतो, गुलाब खांब गाडून राहिला होता, अन् मधातच थांबला अन् म्हणते, "मी घरी जाऊन येतो." मी म्हटलं, काहून गड्या? तं म्हणते, "निघतानी मी दोनदा तिची कैची मागितली. मले शिवी नाही दिली तिनं."

गेला. अन् शीतल सिस्टरले घेऊन आला. ही आमच्या उपकेंद्रातली पोरगी, घरोघरी फिरून फिरून चपलेचा पट्टा तुटलेला, त्याले दोरी बांधून चाले. तिनं प्रमिलाच्या बोटाले ऑक्सिजन मोजाचा चिमटा लावला, आकडा पाहिला, परत लावला, परत पाहिला. अन् गुलाबले बाहेर नेऊन म्हणते, "भाऊ, इले आत्ता ऑक्सिजन पाहिजे. संध्याकाळी नाही. आत्ता." सौंसरच्या दवाखान्यात फोन केला, जागा नाही. छिंदवाड्याले केला, नाही. नागपूरले कोणी ओळखीचं होतं, ते म्हणे, इकडं लोकं दवाखान्याच्या फाटकाबाहेर ऑटोत झोपून आहे, येऊ नका. अन् गुलाब उभा. अन् त्याच्या हातानं ज्या खोलीसमोर मंडप टाकला, त्या खोलीत तीन मशिनी, प्लॅस्टिकमधी गुंडाळलेल्या, अन् एकीले झेंडूचा हार!

धावत गेला यशवंतरावकडं. "भाऊसाहेब, एक मशीन द्या. प्रमिलाले दम भरला."

"अरे देणार नं! तुले नाही देणार तं कोणाले देणार? पण गुलाब, चार वाजता लोकार्पण आहे. आधी लोकार्पण होऊ दे, मंग पहिली मशीन तुलेच!"

"चारपर्यंत कसं होईन जी…"

"माझ्या हातात आहे का? पाहुण्याइच्या हस्तेच चालू कराची, वरून सूचना आहे."

अन् गुलाब काय म्हणला? "बरं," म्हणला. तुमाले सांगतो, "बरं" म्हणला तो! दोन पावलं गेला अन् उभाच राहिला, पाठमोरा. तं यशवंतरावलेच काय वाटलं का डोक्यात काय आलं, त्याइनं हाक मारली, "असं कर गुलाब, वहिनीले इथंच घेऊन ये! प्रत्यक्ष लाभार्थी! पाहुण्याइनं बटण दाबलं का लगेच नळी नाकाले! फोटो बी चांगला येईन अन् तुयं काम बी होईन!"

आता कुठं बसवता तिले? खुर्चीवर बसवत नाही, मान पडून राहिली. तं गुलाबच्या टेम्पोत लग्नाचा सोफा होता, नवरा-नवरीचा, सोनेरी सिंहाच्या तोंडाचा, पाहुण्याइसाठी आणलेला. त्याच्यावर निजवली. समाज भवनाच्या दरवाजाशी. सोनेरी सोफ्यावर प्रमिला, नवरीवानी, अन् तोंड उघडं टाकून श्वास वढून राहिली. तिले पाहून दुसरा आला. राजू, चिंधू बुढ्याचा पोरगा. यशवंतरावच्या संत्र्याच्या गोदामात कामाले. बापाले पाठीवर घेऊन आला. "माया बाले बी दम आहे, दोन नंबरची मशीन आमाले द्या जी," म्हणे. यशवंतराव खूश! "दोन लाभार्थी! बसव, बसव, खुर्चीवर बसव!"

वाजले चार. पाहुणे कुठं? पांढुर्ण्याकडं दुसरं लोकार्पण चालू होतं म्हणे. मंग तिथून मोहगावच्या बाजूले तिसरं होतं. तिकडं बी असेच लोकं सोफ्यावर ठेवले असतीन का नाही, मले ठाऊक नाही. इकडं गुलाबनं खुर्च्या दोन दोन गजावर मांडल्या होत्या, जमिनीवर चुन्याचे गोल काढले होते. तं लोकाइनं काय केलं? आपापल्या चपला गोलात ठेवल्या अन् सगळे लिंबाच्या सावलीत एकमेकाइच्या मांडीवर बसले! चपला दो गज की दूरी पाळून राहिल्या, अन् माणसं खोकून राहिली! अन् वेळ जावा म्हणून यशवंतरावनं माझा माइक घेतला अन् मार्गदर्शन सुरू केलं. "बंधू-भगिनींनो, गर्दी करू नका! गर्दी म्हणजे मृत्यूला आमंत्रण!" अन् गर्दीनं काय टाळ्या वाजवल्या, बाप्पा! "हात वीस सेकंद धुवा! असे! अंगठा विसरू नका!" इकडं प्रमिलाची नखं निळी पडून राहिली, अन् तिकडं अंगठा धुवाचं शिकवून राहिले.

मधातच येऊन वाकले तिच्यापाशी, दोन गजावरूनच, अन् म्हणे, "वहिनी, पाहुणे आले का थोडं हसा बरं."

तं ही बाई, जिच्यात बोलाचा जीव नाही, ती म्हणते, "मास्कातून… हसू… का कुठून हसू?"

गुलाबच्या जिवात जीव आला तेवढ्यानं. पण शीतलनं चिमटा लावला अन् तिचा चेहरा पडला. ती माइकपाशी गेली, हळूच म्हणते, "साहेब, आता थांबता येत नाही. मशीन लावू द्या. जबाबदारी माझी." यशवंतरावनं माइकवर हात ठेवला अन् म्हणे, "सिस्टर, तुमाले समजत नाही का? निघाले पाहुणे! दहा मिनिटं! वरून सूचना आहे!"

अन् आता आयका. आता खरी गोष्ट आयका. मी भोंग्याच्या खाली उभा होतो, मले समोर दिसून राहिलं होतं. गुलाब सोफ्याजवळून उठला अन् त्या खोलीच्या दरवाजाकडं पाहत राहिला. अन् मी बी पाहिलं. अन् मले एकदम समजलं, का त्या दरवाजाले कुलूपच नव्हतं! दरवाजा उघडा होता, सताड! सकाळपासून उघडा होता! आत मशिनी दिसून राहिल्या होत्या! मधात काय होतं? फीता. बोटाएवढा फीता, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. अख्खं गाव तिथं बसलं होतं, म्हाताऱ्या होत्या, पैलवान होते, पंच होते, मी होतो, अन् एका बी माणसाले वाटलं नाही का वाकून आत जावं! एका फीत्यानं गाव अडवून ठेवलं होतं, अन् आमी सगळे वाट पाहून राहिलो होतो!

गुलाब गेला. ताटात मखमलीवर कैची ठेवली होती, तिले हात नाही लावला त्यानं. फीता त्यानंच बांधला होता, मंडपवाल्याची सरकगाठ, एक टोक वढलं का सुटते. त्यानं टोक वढलं. फीता सुटला. काहीच आवाज नाही झाला, बाप्पा. मले वाटलं काहीतरी वाजन, पण काहीच नाही. शीतल त्याच्या मागून आत घुसली, प्लॅस्टिक फाडलं, मशीन ढकलत आणली, माझ्या माइकची पिन उपसली अन् त्याच बोर्डात मशीनची टाकली. म्हणजे माइक बंद पडला. यशवंतराव "मृत्यूला आमं" पर्यंत आले होते, तिथंच राहिले.

मशीन घुरघुर कराले लागली. प्रमिलाच्या नाकाले नळी. अन् गुलाब दरवाजात उभा राहून राजूले म्हणते, "ये. तुयी घेऊन जा. ये लवकर."

अन् राजू उठला, खरं सांगतो, अर्धा उठला. बापाकडं पाहिलं, मंग यशवंतरावकडं पाहिलं. यशवंतरावनं बी त्याच्याकडं पाहिलं. अन् राजू परत बसला. म्हणते, "होऊ दे नं गुलाबभाऊ लोकार्पण. येऊनच राहिले ते. नियम आहे तं आहे."

गुलाबनं परत म्हटलं, "अरे ये." शीतलनं म्हटलं. राजू मुंडकं खाली घालून बसला. अन् गुलाबनं काय केलं, माहीत आहे? त्यानं तो फीता उचलला अन् परत बांधला! तसाच, ताणून, मधात फूल! म्हणे, पाहुणे बिचारे येतीन, त्याइले काहीतरी कापाले पाहिजे.

माइक दुसऱ्या बोर्डावर गेला, भाषण परत सुरू झालं. चिंधू बुढा खुर्चीत मान टाकून बसला होता, तोंडावर मास्क. लोकाइले वाटलं, झोपला. अन् त्या भाषणात कोणी झोपला तं काय नवल होतं?

दिवस बुडता बुडता पाहुणे आले. तीन गाड्या. हार, सॅनिटायझर, फीता कापला, टाळ्या. आत गेले तं दोनच मशिनी! मंग यशवंतराव म्हणे, "बाहेर एक चालूच आहे जी, लाभार्थी सहित!" पाहुणे सोफ्यापाशी आले, फोटोवाला म्हणे, "सर, बटण दाबतानी पाहिजे." पण मशीन तं चालू! तं यशवंतराव काय म्हणते? "गुलाब, जरा बंद कर. साहेबाइच्या हस्ते चालू करू."

आयकलं का? बंद कर म्हणे! एक मिनिटासाठी!

प्रमिलानं गुलाबचा हात धरला. अन् हा माणूस, ज्यानं जन्मात कोणाले नाही म्हटलं नाही, तो बोर्डासमोर जाऊन पाठ लावून उभा राहिला. मान हालवली, नाही म्हणून. अन् पाहुणे, तेही थकलेच होते बिचारे, म्हणे, "रहने दो भाई, दूसरी वाली कर लेते हैं."

तं दुसरी आणली. चिंधू बुढ्यासमोर ठेवली. नळी लावली, मास्क खाली केला, पाहुण्याइनं बटण दाबलं, मशीन घुरघुरली, टाळ्या! फोटो! "सर, एक और!" परत टाळ्या! मंग शीतलनं पुढं होऊन बुढ्याच्या बोटाले चिमटा लावला. आकडा येईना. झटकला, दुसऱ्या बोटाले लावला. गळ्याले हात लावला. अन् यशवंतरावच्या हातातला माइक तिच्या तोंडाजवळच होता, त्यामुळं अख्ख्या गावानं भोंग्यातून आयकलं: "अहो… हे तं थंड आहे. हे केव्हाचेच गेले."

मशीन चालूच. हवा सुरूच. अन् राजू शीतलले म्हणते, "सिस्टर, जरा मोठी करा नं मशीन. थोडी मोठी करा नं."

पाहुण्याइले पुढचा कार्यक्रम होता. यशवंतरावचे डोळे खरंच भरून आले, खोटं नाही सांगत, अन् त्याच माइकवर, त्याच मंडपात, त्याच खुर्च्याइवर त्याइनं दोन मिनिटं श्रद्धांजली घेतली. सगळं तयारच होतं नं! फक्त हार नव्हता. तं गुलाब आत गेला, उरलेल्या मशीनचा झेंडूचा हार काढला, अन् चिंधूच्या गळ्यात घातला.

प्रमिला वाचली. दुसऱ्या दिवशी शीतलनं कुठूनतरी बेड काढला, महिन्यानं ती घरी आली. आल्याबरोबर दारातूनच तिनं सोनेरी सोफा उन्हात ठेवलेला पाहिला अन् गुलाबले अशी शिवी घातली, का गुलाब उकिडवा बसून लहान पोरावानी रडला. पण आता तिच्यानं मशीन नाही चालवत, दहा टाके मारले का दम लागते. अन् गुलाबले नोटीस आली. मंडप टाकून गर्दी जमवली म्हणे! कापड जप्त. आख्खा पावसाळा ठाण्याच्या आवारात सडलं. यशवंतरावपाशी गेला तं ते म्हणे, "मी काय करू रे? वरून सूचना आहे." अन् समाज भवनावर फ्लेक्स लागला, हा एवढा मोठा. पाहुणे बटण दाबून राहिले, अन् खुर्चीत चिंधू. खाली लिहिलं, 'प्रथम लाभार्थी.' राजू रोज त्याच्याखालून गोदामात जाये, मान खाली घालून. गुलाब अजून म्हणते, मी त्याचा हात धरून वढलं काहून नाही. मी म्हणतो, अख्ख्या गावानं काहून नाही वढलं?

मंग एक दिवस, फ्लेक्सचा रंग उडाला होता तेव्हाची गोष्ट, राजू गुलाबच्या घरी आला. हातात चालू फोन, तोंड पांढरं. स्पीकरवर बाई बोलून राहिली, गोड आवाजात, "नमस्कार! चिंधू जी, आप कोरोना सहायता समिति के लाभार्थी हैं. यदि आप हमारी सेवा से संतुष्ट हैं, तो एक दबाएं. यदि असंतुष्ट हैं, तो दो दबाएं, ताकि हम सेवा में सुधार कर सकें."

प्रमिला बाजेवरून पाहून राहिली. मी दारात. बाई परत पहिल्यापासून सुरू झाली. राजूचं बोट हवेतच, अन् तो विचारते, "गुलाबभाऊ, काय दाबू?"

गुलाबनं बाईचं अजून एकदा आयकून घेतलं. मंग म्हणते, "एक दाब बाप्पा. दोन दाबलं तं ते सुधारणा करतीन… अन् सुधारणा केली, का पुन्हा लोकार्पण!"